आधी ऐका, मग खा

स्टीलचा डबा पुढे करायचा, झाकण अर्धंच सरकवायचं, उरलेल्या फटीवर तळहात ठेवायचा आणि म्हणायचं, "आधी ऐका, मग खा."

आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या एका सरांची ही रीत होती. डब्यात शेव असे, कधी चकली, कधी गुळाच्या पाकातली वडी. वासानं समोरच्याचा हात पुढे आलेला असायचा. पण सर ऐकवल्याशिवाय तळहात काढत नसत. यात रातकिड्यांचं पीठ आहे. रातकिडे मी स्वतः वाढवलेत. त्यांना गव्हाचा कोंडा आणि पालेभाजीची देठं घातलीत. मारताना बर्फाच्या पेटीत ठेवले, म्हणजे ते आधी झोपतात आणि झोपेतच जातात. मग उकळत्या पाण्यातून काढले, भाजले, दळले. तुम्हाला झिंगे खाऊन अंगावर गांधी उठतात का? उठत असतील तर खाऊ नका.

एवढं सांगून होईपर्यंत पुढे आलेला हात खिशात गेलेला असायचा. कुणी घड्याळ बघायचं, कुणाला अचानक फोन यायचा. सर डबा बंद करायचे, "बरं, विचार करा," म्हणायचे आणि पुढच्या माणसाकडे वळायचे.

मी त्याच विभागात प्रयोगशाळा परिचर. बाटल्या धुणं, नमुने मांडणं, सूक्ष्मदर्शक पुसणं ही माझी कामं. कॉलेजात आम्हाला सगळे मामाच म्हणतात, सरही म्हणायचे. मी त्यांच्या डब्यातलं खायचो. पहिल्यांदा खाल्लं ते केवळ त्यांची दया येऊन. दुसऱ्यांदा चव लागली म्हणून. भाजलेल्या तिळासारखी लागते, थोडी जास्त खमंग. तुम्ही नाक मुरडलं असेल तर मुरडा, माझं काही म्हणणं नाही. मीही आधी मुरडलं होतं.

सर मूळचे देवणीचे. देवणीची जनावरं तुम्हाला माहीत असतील, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, देखणी. त्यावरून स्टाफरूममध्ये एक विनोद कायमचा ठरलेला होता. "देवणीचा माणूस, आणि गोठ्यात काय, तर रातकिडे." सर हसायचे. हसून झाल्यावर गंभीरपणे सांगायचे, "गायीला हौद लागतो सर, यांना ओला बोळा पुरतो. आपल्या मुलखात पाणी कुठंय?"

घर लिंगायतांचं. कपाळावर विभूतीचे पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात इष्टलिंग. घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. पहिला रातकिडा त्यांनी स्वतः तोंडात टाकला तेव्हा दोन दिवस ताप आला होता. तो किड्यानं नाही, मनानं आला होता, असं ते सांगायचे. "पण मामा, मीच खाल्लं न्हाई तर लोकांना कोणत्या तोंडानं सांगू?"

ते तासिका तत्त्वावर होते. म्हणजे तास असतील तेवढं शिकवायचं आणि पुढच्या जूनला पुन्हा अर्ज घेऊन उभं राहायचं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसानं दर वर्षी मुलाखतीच्या रांगेत आपल्याच विद्यार्थ्यांशेजारी बसायचं, हे बघायला मला नको वाटायचं. रातकिड्यांवर त्यांनी पीएच.डी. केली होती. त्या प्रबंधाची एक प्रत विभागाच्या कपाटात होती. ती मी दर दिवाळीला पुसायचो.

कपाटामागच्या अडगळीच्या खोलीत त्यांचे टब होते. मोठे प्लास्टिकचे टब, वर बारीक जाळी, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले. त्या ट्रेच्या खाचांत हजारो रातकिडे. नांदेडच्या मे महिन्यात ते पटापट मरायचे, म्हणून आम्ही खोलीला ओली पोती टांगायचो. एका प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. तोंडी परीक्षा चालू असताना आतून किर्र आवाज सुरू झाला. परीक्षकांना वाटलं, कुणाचा तरी मोबाईल थरथरतोय. त्यांनी सगळ्या पोरांचे मोबाईल टेबलावर काढून ठेवायला लावले. आवाज चालूच. शेवटी सर उभे राहिले, "सर, ते माझे आहेत," म्हणाले आणि पिशवीतून डबा काढला. परीक्षकांनी पूर्ण ऐकून घेतलं, लिंबूपाणी मागवलं, आणि संध्याकाळच्या चहालाही थांबले नाहीत.

आनंदनगरीला, म्हणजे पोरं खाद्यपदार्थांचे स्टॉल लावतात त्या दिवशी, सरांनीही एक टेबल मागून घेतलं. पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं, रातकिड्याची शेव. मी म्हटलं, "सर, नुसतं प्रोटीन शेव लिहा ना. खोटं थोडंच हाय?"

"खोटं न्हाई. पण लपवलं म्हणजे फसवणंच की मामा."

पाणीपुरीवर झुंबड होती. सरांच्या टेबलावर दिवसभरात गेटवरचा एक वॉचमन आला. त्यानं सगळं ऐकलं, मूठभर घेतली, चावली आणि म्हणाला, "चांगली हाय. मीठ कमी हाय." सरांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढे आठ दिवस ते मला सांगत होते की मामा, मीठ कमी पडत होतं.

लग्न झालं नव्हतं. एकदा जमत आलं होतं, उदगीरकडे. मुलीकडचे चहा-पोहे घेऊन बसले होते आणि सरांनी पिशवीतून डबा काढला. मुलीच्या वडलांनी पहिल्या वाक्यालाच पोह्याची बशी खाली ठेवली. मी विचारलं, "तिथं कशाला काढलात?" तर म्हणाले, "लग्नानंतर कळलं असतं तर ती काय म्हणाली असती?"

असा हा माणूस. सगळ्या जगाला सांगत फिरणारा. फक्त एका माणसाला त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्या आईला.

आई देवणीलाच राहायची. सर तिला अव्वा म्हणायचे, ती त्यांना तम्मा म्हणायची. तिकडे कानडी मिसळलेली असते बोलीत, लाडक्या पोराला तम्मा म्हणतात. पोरगं कॉलेजात किड्यांवर अभ्यास करतं एवढं तिला ठाऊक होतं. ते खातं, हे ठाऊक नव्हतं.

एका हिवाळ्यात ती अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. सर तिला नांदेडला घेऊन आले, ऑपरेशन झालं, आणि मग विष्णुपुरीकडच्या त्यांच्या दोन खोल्यांत तिची खाट पडली. मी कॉलेज सुटल्यावर अधूनमधून जायचो. सुरकुतलेली, हलकीशी म्हातारी. मला म्हणायची, "बस लेकरा. तुमच्या सराला सांग, माझी काळजी करू नको म्हणावं. माझं झालं आता."

हाड बसलं, पण म्हातारी उठेना. पडून पडून पाठीला जखम झाली. रोज पट्टी बदलायची, रोज ती थोडी मोठी दिसायची. डॉक्टर म्हणाले, औषध बाहेरून किती लावणार, अंगातच काही नाही. प्रथिनं गेली पाहिजेत पोटात. डाळीनं तिच्या छातीत जळजळ व्हायची. दुधानं पोट फुगायचं. पनीर चघळून थुंकायची. दुकानातली डब्याची पावडर दिली, ती उलटून पडली. अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. भाकरीचा चतकोर आणि शेंगाची चटणी, एवढंच तिला गोड लागायचं. शेंगाच्या चटणीचा तिला भारी सोस. पण चटणी ती खाणार किती, चिमूटभर.

सर वाळत चालले. तासाला उभे राहायचे आणि वाक्य अर्ध्यात सोडून खिडकीबाहेर बघत बसायचे. एका दुपारी मी अडगळीच्या खोलीत गेलो तर ते टबासमोर स्टुलावर बसलेले. हातात पिठाची बरणी.

"काय करून राहिलात सर?"

"मामा, हिच्यात सगळं हाय," बरणीकडे बघत ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतो ते सगळं. पंधरा वर्षं मी हेच बोंबलून सांगतोय. आणि माझीच आई..."

त्यांनी बरणी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "काल सांगायला बसलो होतो. आधी ऐक अव्वा, म्हटलं. तिनं माझ्याकडं बघितलं. आणि माझ्यानं तोंड उघडवलं न्हाई."

आता जे सांगतो ते सांगायला मला सोपं नाही. मी म्हणालो, "सांगू नका सर. शेंगाच्या चटणीत लसूण असतो, तिखट असतं, काही कळत न्हाई. माणूस वाचवायचं का शब्द पाळायचा?"

त्यांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. मला वाटलं, रागावले. ते रागावले नव्हते. कुणीतरी हे बोलावं म्हणून ते वाट बघत होते, असं आता वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून अव्वाच्या चटणीत शेंगदाणे थोडे आणि ते पीठ जास्त, असं सुरू झालं. आधी त्यांनी अगदी थोडं दिलं, दोन दिवस तिच्या अंगावर काही उठतं का ते बघत बसले. काही उठलं नाही. मग चिमटीचा चमचा झाला. भाकरी कुस्करून, त्यात चटणी कालवून, वर तेलाची धार सोडून ते तिला भरवायचे. म्हातारीला ती चटणी आवडली. "तम्मा, कूट लई बारीक झालंय रे," म्हणायची. आणि मागून घ्यायची.

पंधरा दिवसांनी जखमेच्या कडा लाल झाल्या. डॉक्टर म्हणाले, भरतेय. महिन्याभरात ती उशीला टेकून बसायला लागली. दोन महिन्यांत वॉकर धरून खाटेपासून दारापर्यंत. एका संध्याकाळी मी गेलो तर ती ओट्यावर बसून शेजारणीला माझ्या देखत सांगत होती, "माझ्या लेकाच्या हाताला गुण हाय बाई. मेलेली उठवली मला."

मी सरांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

त्या दिवसांत एक गोष्ट घडली होती, ती माझ्या उशिरा ध्यानात आली. सरांनी कॉलेजात डबा आणणं बंद केलं होतं. नव्या आलेल्या बाईंनी मुद्दाम विचारलं, "सर, तुमचा तो डबा बघायचाय आम्हाला." सर म्हणाले, "सध्या न्हाई." माझ्याशीही बोलणं कमी झालं. फक्त एकदा पोती भिजवताना म्हणाले, "ती रोज मला आशीर्वाद देते मामा. रोज देते."

श्रावण आला. अव्वानं हट्ट धरला की पहिल्या सोमवारी जंगमाला जेवायला बोलवायचं. जंगम म्हणजे त्यांच्यातले स्वामी. घरातलं दुखणं सरलं की स्वामींना घरी बोलवून, पाय पूजून जेवू घालायचं, अशी तिची श्रद्धा. सरांनी सगळा स्वयंपाक शेजारच्या बाईंकडून करून घेतला. पुरणपोळी, आमटी, भजी, भात. ती चटणीची बरणी त्यांनी स्वतः उचलून वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मीही जेवायला होतो त्या दिवशी.

स्वामी वयस्कर होते, शांत. पाटावर बसले. पाद्यपूजा झाली. ताट आलं. सर आत पोळी आणायला गेले आणि अव्वा वॉकर टेकत बाहेर आली. तिच्या हातात वाटी होती. बरणी तिला दिसली कधी, शेजारणीकडून काढून घेतली कधी, देव जाणे. ती वाकता येईल तेवढी वाकली आणि स्वामींच्या ताटात चमचाभर चटणी वाढली.

"माझ्या लेकाच्या हातची हाय स्वामी. हिच्यावरच उठले मी."

सर दारात आले. हातात पोळीचं ताट. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

मी पटकन पुढे झालो. "स्वामी, चटणी राहू द्या, खवट झालीय ती. मी बदलून आणतो."

"सकाळीच मी खाल्ली की," अव्वा म्हणाली. "काही खवट न्हाई. तू बस लेकरा."

स्वामींनी लिंगाला हात लावला, डोळे मिटले, आणि पोळीचा तुकडा मोडला. अजूनही वाट होती. मी धक्का लागल्यासारखं करून ताट सांडू शकलो असतो. मी उठलोही. पण सरांनी पोळीचं ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, "स्वामी, ते खाऊ नका. त्यात रातकिड्यांचं पीठ हाय."

कुणाला काही कळलं नाही. शेजारची बाई हसली, चेष्टा वाटून. मग सरांनी सगळं सांगितलं. नेहमी सांगायचे तसंच, त्याच क्रमानं. कोंडा, बर्फाची पेटी, उकळतं पाणी, भाजणं, दळणं. आवाज तेवढा त्यांचा नव्हता. शेवटी म्हणाले, "अव्वाला चार महिने देऊन राहिलो. तिला ठाऊक न्हाई."

स्वामींनी तुकडा ताटात परत ठेवला. ते ओरडले नाहीत, शिव्याशाप दिले नाहीत. पाणी मागून घेतलं, हात धुतले. उठताना सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझ्या तोंडात गेलं न्हाई, तुझ्यामुळं. अव्वाचं तिच्या लिंगावर सोपव. अजाणता झालेल्याला मार्ग असतो." आणि गेले. शेजारची बाई त्यांच्या मागोमाग गेली.

अव्वा पाटाशेजारी भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं, आता ही रडेल, कपाळ बडवील. तिनं तसं काहीच केलं नाही. ताटातल्या त्या चटणीकडे बघत बसली. मग सरांना म्हणाली, "हिकडं बस."

सर बसले. मी निघायला लागलो तर मलाही म्हणाली, "तूही बस."

"तुझा एक भाऊ व्हता," ती म्हणाली. "तुझ्या आधीचा. दीड वर्साचा. दुष्काळात गेला, एवढंच तुला ठाऊक हाय."

"हो अव्वा."

"माझं दूध आटलं व्हतं. सरकारी सुकडी वाटायचे ती त्याला पचंना. पोट मोठं झालतं, हातपाय काड्या. मधी एकदा पाऊस शिंतडला, आन वारुळातून ते पंखाचे किडे निघाले. आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई राहायची. तिचंबी पोरगं तेवढंच. तिनं ते किडे भाजून मूठभर पदरात बांधून आणले. म्हणाली, चार दाणे चावून पोराच्या तोंडात घाल, माझं पोरगं हेच्यावर उभं ऱ्हायलंय. मी तिला दारातून हाकललं. ती उभी व्हती ती जागा शेणानं सारवली."

तिनं ते ताट हातानं थोडं लांब सारलं.

"आठ दिसांनी गेला त्यो. तिचं पोरगं हाय अजून. नातवंडं हायती त्याला. मी रोज बघत व्हते त्याला, मोठं व्हताना."

"अव्वा, तुला तेव्हा काय ठाऊक..."

"त्येला न्हाई दिलं, तम्मा. लिंगाला चालत न्हाई म्हणून न्हाई दिलं. आन आता ह्या वयात मी खाऊन उठले. सांग, कुणाला तोंड दाखवू? देवाचं मी बघून घेईन. त्येला काय सांगू?"

सरांनी तिचे पाय धरले. ते रडत होते, म्हणत होते, "तू गेली असतीस अव्वा. तू गेली असतीस."

"गेले असते की. इचारलं असतंस तर न्हाई म्हणले असते, आन गेले असते. त्ये माझ्या हातात व्हतं." तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "तेवढंच माझ्या हातात व्हतं रे."

मी मध्येच बोललो. म्हटलं, "अव्वा, सरांची चूक न्हाई. मीच म्हणालो होतो, सांगू नका."

सरांनी मान वर केली. "मामा," ते म्हणाले, "पीठ मी दळलं."

त्यानंतर तिनं सरांच्या हातचं काही घेतलं नाही. राग नव्हता. त्यांच्याशी बोलायची, कपडे घड्या करून ठेवायची, कॉलेजला जाताना डोक्यावरून हात फिरवायची. पण ताट आलं की म्हणायची, भूक न्हाई. शेजारणीनं आणलं तर दोन घास. सरांनी तिच्यासमोर डाळ शिजवली, तिच्यासमोर भाकरी थापली, "बघ अव्वा, बघ, काही न्हाई यात," म्हणत तिच्यासमोर स्वतः खाऊन दाखवलं. ती म्हणायची, "बघितलं. ठाऊक हाय मला. उतरत न्हाई."

आठवड्याभरात देवणीहून सरांची बहीण आली आणि तिला घेऊन गेली. गाडीत बसवताना सरांनी बहिणीच्या हातात औषधांची पिशवी दिली, गोळ्यांच्या वेळा दोनदा सांगितल्या, आणि तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा बहिणीनं त्यांचा हात धरला.

दिवाळीच्या आधी अव्वा गेली. मी सरांबरोबर देवणीला गेलो. त्यांच्यात दफन करतात, बसलेल्या स्थितीत. विभूती लावून, मांडी घालून बसवलेली ती म्हातारी अगदी लहान दिसत होती. सरांनी माती लोटली. कुणी त्यांना अडवलं नाही, कुणी काही बोललंही नाही. गोष्ट गावात पोचली होती, हे लोकांच्या गप्प राहण्यावरून कळत होतं.

परतताना त्यांच्या बहिणीनं मला बाजूला घेतलं. "ती शेवटी शेवटी ताटातला एक घास काढून ठेवायची हो," ती म्हणाली. "कुणासाठी ते सांगायची न्हाई. मी म्हणायचे, अव्वा, तूच दोन घास खातीस, त्यातला एक काढून ठेवल्यावर उरलं काय?" तिनं डोळे पुसले. "हे त्याला सांगू नका." मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगतोय, तेही तुम्हाला.

सर कॉलेजात येत राहिले, पण अडगळीच्या खोलीत गेले नाहीत. टबांना कोंडा मीच घालायचो. जूनला मुलाखती झाल्या आणि त्यांना तास मिळाले नाहीत. का नाही, ते मला ठाऊक नाही. तसं ते कुणालाच कधी सांगत नाहीत. कपाटातली पुस्तकं घ्यायला ते आले. मी विचारलं, "टबांचं काय करू सर?"

"आहेत अजून?"

"आहेत. लई झालेत."

ते त्या दाराशी गेले. आत किर्र चालूच होतं. जाळी उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "कुणाला तरी देऊन टाका," म्हणाले.

एक कोंबडीवाला टेम्पो घेऊन आला आणि सगळे टब घेऊन गेला. त्याच्या कोंबड्यांना आधी काही ऐकायचं नव्हतं.

पुढे तीन वर्षं सरांची काही खबर नव्हती. मी फोन केला नाही. काय म्हणून करायचा? त्यांनीही केला नाही. मग माझी मुलगी दहावी झाली आणि तिला डॉक्टर व्हायचं म्हणून आम्ही लातूरला क्लास बघायला गेलो. लातूरचे क्लास तुम्ही पाहिलेत का? एकेका हॉलमध्ये चारशे पोरं, शिकवणाऱ्याच्या गळ्यात माईक, भिंतीला पंख्यांची रांग. आई-बापांना डेमो लेक्चरला मागच्या दारात उभं राहू देतात. मुलगी आत जाऊन बसली, मी दारात उभा राहिलो. माईकवरचा आवाज मी दोन शब्दांत ओळखला.

सर जाड झाले होते. केस काळे केलेले, इस्त्रीचा शर्ट. झुरळाचा धडा चालू होता. फार सुंदर शिकवत होते, खोटं कशाला बोलू. पोरं हलत नव्हती. लेक्चर संपलं की भेटायचं, असं मी मनाशी ठरवलं.

मध्येच पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, किडे खातात का हो लोक? मी व्हिडिओत पाहिलं."

चारशे पोरं हसली. कुणी तरी "ई" केलं. सर हसू थांबायची वाट बघत उभे राहिले. माईकमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. हसू थांबलं, हॉल पूर्ण शांत झाला, तरी ते तसेच उभे होते. मुलगी बसावं की उभं राहावं या घोटाळ्यात इकडे तिकडे बघायला लागली.

"ते परीक्षेला येत न्हाई," सर म्हणाले. "बस बेटा."

मग ते फळ्याकडे वळले, खडू उचलला, आणि झुरळाचे राहिलेले तीन पाय काढू लागले.